हात लावण्याआधी, हात काढल्यावर

कमरेत उसण भरली की साक्री-पिंपळनेरच्या पट्ट्यात अजूनही कुणीतरी पायाळू माणसाचा पत्ता सांगतं. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने कमरेला पाय लावला की उसण उतरते, ही समजूत महाराष्ट्रात सगळीकडे आहे. ती हसण्यावारी नेण्याआधी एवढं लक्षात घ्या की बहुतेकांची उसण खरंच उतरते. वाकताना अचानक धरलेली कंबर, तिच्यामागे दुसरा आजार नसेल तर, काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपली आपण मोकळी होऊ लागते. पायाळू माणूस सापडेपर्यंत चार दिवस गेलेले असतात आणि श्रेय त्याच्या पायाला मिळतं. असंच फुकटचं श्रेय पुढे मालीशवाल्याला मिळतं, हाडवैद्याला मिळतं, सुईला मिळतं आणि, खरं सांगायचं तर, कधीकधी फिजिओथेरपिस्टलाही मिळतं.

म्हणून हातांनी केलेले उपचार खोटे ठरत नाहीत. शिकलेल्या हातांनी सांधा बेताबेताने हलवला, आखडलेला स्नायू दाबून सैल केला, की दुखणं कमी होतं आणि हालचाल वाढते, हे तपासून झालेलं आहे. अडचण मुदतीची आहे. हा आराम कुणाला काही तास पुरतो, कुणाला दोन-तीन दिवस. तेवढ्या वेळात तुम्ही तो सांधा किती वापरलात, भोवतीच्या स्नायूंना किती कामाला लावलंत, यावर पुढचे महिने ठरतात. टेबलावर झोपून आराम घ्यायचा, घरी येऊन खाटेवर पडायचं आणि उद्या परत टेबलावर जायचं, असा क्रम महिनाभर चालला तर पैसे संपतात, दुखणं तसंच राहतं.

कांद्याची कंबर, मोळीची मान

आमच्या साक्री तालुक्यातली दुखणी हंगाम पाहून येतात. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड असते. ओल्या वाफ्यात बाया कमरेतून वाकून रोपं लावत सरकतात, तासन्‌तास. काम उक्तं घेतलेलं, एकराचा भाव ठरलेला, त्यामुळे मध्येच कंबर सरळ करायला कुणी थांबत नाही. थांबली तर ती सगळ्या टोळीचा वेळ खाते. एप्रिल-मेमध्ये तोच कांदा उपटायचा, पात कापायची, गोण्या भरायच्या. पावसाळ्यात उकिडवं बसून निंदणी. दिवाळीच्या मागेपुढे कापूस वेचणी, आणि त्याच सुमारास पश्चिमेकडच्या आदिवासी गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या बारडोली-सुरतेकडच्या साखर कारखान्यांवर निघतात. तिथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. ऊस तोडायचा, मोळी बांधायची आणि डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची. शिवाय सुरत-नागपूर महामार्ग साक्रीतूनच जातो, तेव्हा दहा-दहा तास स्टिअरिंगवर बसून लगेच उतरून माल हलवणारे ड्रायव्हर-क्लीनरही आलेच.

फिजिओथेरपीची पुस्तकं बहुतेक खुर्ची आणि संगणकावर बसणाऱ्यांना समोर ठेवून लिहिलेली असतात. तेव्हा तपासून घ्यायला गेलात की ‘मनी कंबर दुखी ऱ्हायनी’ एवढंच सांगून थांबू नका. वाफ्यात कसं वाकता, मोळी कशी उचलता, ते करून दाखवा. दुखणं कुठून कुठे जातं ते बोटाने रेघ ओढून दाखवा. पायात उतरतं का, सकाळी उठल्यावर अंग किती वेळ आखडलेलं राहतं, रात्री झोपेतून जाग येते का, आतापर्यंत कोणत्या गोळ्या, सुया, पुड्या घेतल्या, हे सगळं सांगा.

पुड्यांचं तर आवर्जून सांगा. वातावर म्हणून बिननावाच्या कागदात बांधून ज्या पुड्या-गोळ्या विकल्या जातात, त्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार देशात अनेकदा उघडकीला आले आहेत. दोन दिवसांत गुडघा पळायला लागतो तो त्यामुळे. पुढे चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. अशा ठिसूळ मणक्यावर कुणी जोरात दाब दिला तर तो मोडू शकतो. बरेच दिवस अशी पुडी घेतली असेल तर ती एकदम बंदही करू नका. डॉक्टरांना दाखवून, हळूहळू कमी करत सोडावी लागते.

हाताने काय होतं, काय होत नाही

‘मणका सरकला होता, बसवून दिला’ हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. दोन मणक्यांमधली गादी हाताने दाबून आत ढकलता येत नाही. खरोखर पुढे सरकलेला मणका असतो, पण तोही हाताने मागे जात नाही. हाताने जागेवर येतो तो निखळलेला सांधा, उदाहरणार्थ खांदा. आणि ते काम एक्स-रे पाहून डॉक्टरांनी करायचं असतं, कारण निखळलेल्या खांद्यासोबत हाडही मोडलेलं असू शकतं. झाडावरून, ट्रॅक्टरवरून, मोटारसायकलवरून पडल्यानंतर आधी एक्स-रे, मग बाकीचं. कुणी बांबूच्या कामट्या लावून घट्ट बांधलं असेल आणि बोटं थंड, निळसर किंवा बधिर वाटू लागली, तर ते बांधलेलं तिथल्या तिथे सोडा आणि रुग्णालय गाठा. रक्तपुरवठा तुटून हात-पाय गमावायची वेळ यामुळेच येते.

‘कट्’ आवाजाचाही लोकांवर फार विश्वास असतो. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवात दाब एकदम उतरला की वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. आवाज आला म्हणजे काही जागेवर बसलं असं नाही, आणि नाही आला म्हणजे उपचार फुकट गेला असंही नाही. डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी साठहून अधिक वर्षं एकाच हाताची बोटं रोज मोडली आणि शेवटी दोन्ही हात तपासले. संधिवात कुठल्याच हाताला झालेला नव्हता. या उद्योगाबद्दल त्यांना २००९ साली इग नोबेल हे गमतीदार पारितोषिक मिळालं. एका माणसाचा प्रयोग, त्याला किती किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा.

आज फिजिओथेरपिस्ट हाताने जे करतात त्यातलं बरंच काही दोन माणसांकडून आलेलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांनी सांध्याला देण्याच्या झोक्यांच्या पायऱ्या ठरवल्या. दुखणं जास्त असेल तर सांधा अगदी थोडा, हळुवार हलवायचा. आखडलेपण जास्त असेल तर त्याच्या हद्दीपर्यंत न्यायचा. न्यूझीलंडच्या ब्रायन मलिगन यांची पद्धत वेगळी. थेरपिस्ट सांध्याला एका दिशेने आधार देतो आणि त्याच वेळी रुग्ण स्वतः हात वर करतो किंवा गुडघा वाकवतो. हे करताना दुखता कामा नये. दुखलं तर दिशा बदलायची, नाहीतर ती युक्ती सोडून द्यायची. ओरडेपर्यंत दाबलं तरच नस मोकळी होते, असं मानणाऱ्यांनी मलिगनचा हा नियम लक्षात ठेवावा. उपचारानंतर एक-दोन दिवस अंग ठणकणं चालतं. त्याहून जास्त टिकलं तर दाब जास्त झाला, आणि पुढच्या वेळी ते तोंडावर सांगायचं.

मग दुखणं कमी कशाने होतं? पूर्वी समजूत होती की हात सांध्याची रचना बदलतात. आता असं मानलं जातं की त्या स्पर्शाने, दाबाने, हालचालीने मज्जासंस्थेकडे जाणारे संदेश बदलतात. शरीराने भीतीपोटी आवळून धरलेले स्नायू सैल पडतात आणि मेंदू दुखण्याची पातळी थोडी खाली आणतो. म्हणूनच आराम लवकर येतो आणि लवकर ओसरतो. तेलाचं म्हणाल तर तिळाचं, मोहाच्या बियांचं की दुकानातल्या बाटलीतलं, फार फरक पडत नाही. तेलाने हात घसरतो, काम हात करतो.

एमआरआयबद्दल थोडं. धुळे-नाशिकला जाऊन हजारो रुपये मोजून काढलेल्या त्या कागदावर ‘डिस्क बल्ज’, ‘डिजनरेशन’ असे शब्द वाचून माणूस खचतो आणि कामच सोडतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात तीन हजारांहून जास्त माणसांची मणक्यांची स्कॅन एकत्र करून पाहिली होती. यांपैकी कुणाचीच कंबर दुखत नव्हती. तरी विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्यांत झीज दिसली. केस पांढरे होतात तशीच ही झीज. कागदावरचा शब्द आणि तुमचं दुखणं यांची सांगड तुम्हाला तपासल्यावरच घालता येते, नुसत्या कागदावरून नाही.

हात लावू द्यायचा नाही, तेव्हा

हा भाग घाईत वाचू नका. कंबर किंवा पाठ दुखतेच आहे, संध्याकाळी बारीक ताप येतो, रात्री घाम येतो, वजन उतरतंय, अशा पाठीवर मालीश नको. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग काही दुर्मिळ नाही. तो औषधांनी बरा होतो, पण पोखरलेल्या मणक्यावर दाब पडला तर पाय लुळे पडण्याची भीती असते. क्षयाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. कंबरदुखीसोबत लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल उचलेनासं झालं, तर सकाळची वाट पाहायची नाही. त्याच रात्री धुळे गाठायचं. दबलेल्या मज्जातंतूंना सोडवायला अशा वेळी तासांचा हिशेब असतो.

साक्री, नवापूर, नंदुरबारच्या भागात सिकलसेलची आठवण ठेवल्याशिवाय हाडं-सांध्यांवर बोलूच नये. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी अशा समाजांत तो जास्त आढळतो, पण इतरांत नाहीच असंही नाही. या आजारात तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, पाठ, छाती अचानक भयंकर दुखायला लागते. घरचे चोळत बसतात. अशा वेळी लागतं पाणी, ऊब, वेदनाशामक औषध आणि डॉक्टर. बर्फाने शेकू तर मुळीच नका, थंडीने त्रास वाढतो. तरुण वयात जांघेत दुखतंय, लंगडत चालतोय, आणि सिकलसेलची तपासणी झालेली नाही, तर आधी ती करून घ्या. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा या आजारात तुटू शकतो आणि त्या खुब्याला कितीही हलवलं तरी उपयोग नसतो. २०२३ च्या जुलैपासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, सुरुवातीच्या तपासणीला थोडंसं रक्त पुरतं.

आणखी काही. एकच पोटरी सुजली, लाल-गरम झाली, विशेषतः बाळंतपणानंतर, ऑपरेशननंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर, तर ती चोळायची नाही. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. एखादा सांधा अचानक लालबुंद आणि गरम झाला तर आधी डॉक्टर. दोन्ही हातांची बोटं-मनगटं सकाळी तास-तासभर उघडत नाहीत, सुजलेली राहतात, असं काही आठवडे चाललं असेल तर तो आमवात असू शकतो. त्याला लवकर सुरू केलेलं औषध हवं, उशीर झाला तर बोटं वाकडी होतात. डावा खांदा आणि हात दुखून घाम फुटत असेल तर तो खांद्याचा प्रश्न समजू नका.

आणि मान. दाढी-कटिंग झाल्यावर सलूनमध्ये डोकं धरून ‘कटकन्’ मान मोडून घ्यायची सवय अनेकांना आहे. पैसे वेगळे पडत नाहीत, बरंही वाटतं. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मणक्यांच्या भोकांतून वर चढतात. झटक्याने त्यांचा आतला थर फाटू शकतो आणि पक्षाघात होऊ शकतो. मायकेल वाइनट्रॉब या अमेरिकन मेंदूविकारतज्ज्ञांनी १९९३ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात सलूनमध्ये केस धुताना मान मागे टाकल्याने झालेल्या पक्षाघातांची नोंद केली होती. तिथे तर कुणी मान पिळलेलीही नव्हती. असं क्वचितच होतं, पण जे होतं ते परत भरून येत नाही. सलूनमध्ये डोक्याची चंपी खुशाल करून घ्या. मानेला नको म्हणा. फिजिओथेरपिस्टलाही मानेला झटका देऊ नका म्हणून सांगायचा तुम्हाला हक्क आहे. मानेसाठी हळुवार पद्धती आहेत आणि त्या पुरतात.

कुणाचे हात

भारतात फिजिओथेरपीचं शिक्षण १९५० च्या दशकात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झालं, तेव्हा कारण पोलिओचं होतं. आज राज्यात या पदवीसाठी चार वर्षं अभ्यास आणि त्यानंतर इंटर्नशिप करावी लागते. महाराष्ट्रात २००२ सालच्या कायद्यानुसार स्थापन झालेली व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद आहे, तिथे नाव नोंदवावं लागतं. दवाखान्याच्या भिंतीवर नोंदणी क्रमांक लावलेला आहे का पाहा. नसेल तर विचारा. विचारलेलं आवडलं नाही, तर तेही एक उत्तरच आहे. सहा दिवसांचा मालीशचा कोर्स करून पांढरा कोट घालणारे आता लहान गावांतही आहेत.

पहिल्या भेटीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की कपड्यावरून पाठीला हात लावायच्या आधी त्यांनी तुम्हाला उभं करून, वाकवून, चालवून पाहिलं का. तपासणी न करता थेट ‘दहा सीटिंग लागतील’ असा आकडा आला तर उठा. आकडा तपासणीनंतर येतो, तोही अंदाजाने. साधारणपणे तीन-चार आठवड्यांत चार ते सहा भेटी होऊनही काहीच फरक पडला नाही, तर परत तपासणी व्हायला हवी किंवा डॉक्टरांकडे पाठवायला हवं. तिसऱ्या-चौथ्या भेटीत विचारा, ‘मागच्या वेळेपेक्षा माझा हात किती वर जातो?’ चांगला थेरपिस्ट ते मोजून ठेवतो. बाईला बाई थेरपिस्ट हवी असेल किंवा घरचं माणूस सोबत हवं असेल, तर ते मोकळेपणाने मागावं. संकोचाने अर्धीच माहिती सांगितली की उपचारही अर्धाच होतो.

मशीनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आपल्याकडे लोक ‘शेक घेतला’, ‘करंट लावला’ असं सांगतात आणि त्यालाच फिजिओथेरपी समजतात. पाठीवर चार पॅड चिकटवून पंधरा मिनिटं एकटं सोडून देणं स्वस्त पडतं, पण देणाऱ्याला. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीवर पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत समजावून सांगणं, व्यायाम, मालीश, मणक्यावरचे हाताचे उपचार यांना जागा आहे. वजन लावून ओढणं, कंबरपट्टा, अल्ट्रासाउंड आणि विजेच्या झिणझिण्या देणारं टेन्स यंत्र मात्र नेहमीचा उपचार म्हणून करू नये असं म्हटलं आहे. आपल्या दवाखान्यांत सर्वात जास्त विकलं जातं नेमकं तेच. तुमचे पैसे मर्यादित असतील तर ते हाताला आणि व्यायाम शिकवणाऱ्या वेळेला द्या. शेक घरी गरम पाण्याच्या पिशवीनेही मिळतो. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर ती पिशवीही जपून, भाजलेलं कळत नाही.

दहिवेल किंवा निजामपूरहून साक्रीला रोज यायचं म्हटलं की दवाखान्याच्या फीइतकीच मजुरी बुडते. म्हणून रोज येणं टाळायला काय करता येईल, हे पहिल्याच दिवशी थेरपिस्टशी बोला. आठवड्यातून एकदा-दोनदा हाताचा उपचार आणि बाकीचे दिवस घरचा व्यायाम, असं जमवता येतं आणि ते उपचार म्हणूनही कमी नाही. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. जास्त तपासणी लागली तर साक्रीच्या ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. ते चक्करबर्डीला आहे, गावातल्या जुन्या सिव्हिलच्या जागी नाही.

हात काढल्यावर

कमरेपासून सुरू करू. १९५६ साली न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टकडे पायात कळ उतरलेला एक रुग्ण आला. त्याला पालथं झोपायला सांगितलं, पण टेबलाचं डोक्याकडचं टोक आधीच्या रुग्णासाठी वर केलेलं राहिलं होतं. बिचारा तसाच कंबर मागे वाकवून पडून राहिला. मॅकेन्झी परत आले तेव्हा घाबरले, आणि रुग्ण म्हणाला की पाय आता दुखत नाही. त्यातून एक साधी कसोटी निघाली जी तुम्ही घरी करू शकता. जमिनीवर गोधडी टाकून पालथं झोपा. दोन मिनिटांनी कोपरांवर टेकून छाती उचला, कंबर सैल. पायातली कळ वर सरकून कमरेत आली, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी लक्षण चांगलं आहे. दिवसातून चार-पाच वेळा करा. कळ आणखी खाली, पावलाकडे गेली तर लगेच थांबा, ही दिशा तुमची नाही. साठीच्या पुढच्या ज्यांना चालताना पाय भरून येतात आणि बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं, त्यांनीही मागे वाकू नये. त्यांनी उताणं झोपून गुडघे छातीशी घ्यावेत.

वाफ्यात काम करताना हेच उभ्याने करता येतं. दोन्ही तळवे कमरेवर मागे ठेवायचे, गुडघे सरळ ठेवायचे, पाच-सहा वेळा मागे वाकायचं. वीस सेकंद लागतात. उक्त्या कामात वीस सेकंदही जड वाटतात हे मान्य, पण एका वाफ्याची लागण संपल्यावर सगळ्या टोळीने एकदम केलं तर कुणी मागे पडत नाही. काही वेळ वाकून, काही वेळ उकिडवं, अशी बदलती बैठकही ठेवा. शरीराला एकाच स्थितीत तासन्‌तास राहण्याचा त्रास जास्त होतो. पाठीला ताकद यायला उताणं झोपून, गुडघे वाकवून, ढुंगण उचलून पाच सेकंद धरायचं, दहा वेळा. मजुरी करणाऱ्या बाईला ‘व्यायाम कर’ म्हटलं की ती हसते. दिवसभर राबणं हा व्यायाम नाही का? राबताना तेच तेच स्नायू तीच तीच हालचाल करतात. व्यायामात उरलेल्यांना काम मिळतं. आणि झोपायला झोळ पडलेली खाट नको, तशी नुसती फरशीही नको. मध्यम कडक गादी कडक गादीपेक्षा बरी, असं स्पेनमधल्या एका चाचणीत २००३ साली दिसलं होतं. घट्ट विणलेल्या खाटेवर जाड गोधडी चालते.

गुडघ्याला हात लावून वाटी इकडेतिकडे हलवली, सांध्याला झोके दिले, की जिना उतरणं सोपं वाटतं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या लष्करी रुग्णालयांत झिजलेल्या गुडघ्यांच्या १५६ रुग्णांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना स्टेरॉइडचं इंजेक्शन, निम्म्यांना हाताचे उपचार आणि व्यायाम. वर्षाअखेर दुसरा गट पुढे होता. व्यायामाशिवाय नुसते हात, असा गट त्यात नव्हताच. घरी करायचं ते असं: पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघ्याने ती दाबून मांडी घट्ट करा, पाच सेकंद धरा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. आठवडाभराने खुर्चीवरून हात न टेकता उठबस सुरू करा, आधी उंच खुर्चीवरून, मग बुटक्या पाटाकडे या. ज्याला गुडघा वाकवून निंदणी करायची आहे त्याला ‘खाली बसू नका’ हा सल्ला कायमचा देऊन चालत नाही. दुखणं जास्त आहे तेवढे आठवडे निंदताना बुटका पाट घ्या आणि मांडीची ताकद परत आल्यावर तो सोडा.

खांदा आखडण्याचा रोग मधुमेह असलेल्यांना जास्त होतो. हात वर जात नाही, पदर खोचता येत नाही, रात्री त्या कुशीवर झोप येत नाही. पहिले काही महिने नुसतं दुखणं, मग आखडणं, मग हळूहळू सुटणं, असा एक-दोन वर्षांचा खेळ असतो. दुखण्याच्या काळात कुणी तो खांदा जबरदस्तीने वर ओढला तर तो आणखी आवळतो. तेव्हा पुढे वाकून हात लोंबता ठेवून झुलवणं आणि भिंतीवर बोटांनी वर चढणं एवढंच. आखडलेपण उरलं, दुखणं उतरलं, की मग थेरपिस्टच्या जोरदार हातांची वेळ येते. साखर तपासलेली नसेल तर तीही तपासून घ्या.

ऊसतोडीला किंवा बाहेरगावी जाणार असाल तर निघायच्या आधीच्या भेटीत थेरपिस्टला सांगा की आता चार-सहा महिने येणं होणार नाही. तुमचे तीन व्यायाम तुमच्याच मोबाइलवर, तुम्ही करत असताना, चित्रित करून घ्या. दुसऱ्याचा व्हिडिओ उपयोगाचा नाही, कारण त्यात तुमच्या चुका दिसत नाहीत. मोळी डोक्यावर घेताना मान पुढे झुकते का, कोयता मारताना कमरेला एकाच बाजूला वळण पडतं का, हे जोडीदाराला पाहायला शिकवा. कळ पायात उतरायला लागली किंवा हाताची बोटं सुन्न पडायला लागली, तर मुकादमाला सांगून तिथल्याच सरकारी दवाखान्यात दाखवा. फडावर मिळणाऱ्या सुईवर हंगाम ढकलू नका, आणि काय टोचलं त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून घेऊन परत या.